शीच्या रिपोर्टात चार जंतू निघाले म्हणून घाबरू नका

मी मायक्रोबायोलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे नात्यातले-ओळखीतले लोक पोरांचे रिपोर्ट मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. हल्ली त्यात जुलाबाच्या पीसीआर पॅनेलचे (शीच्या एकाच नमुन्यात बऱ्याच जंतूंच्या जीन्स शोधणारी टेस्ट) रिपोर्ट यायला लागलेत, वीस-बावीस जंतूंची यादी, त्यातले तीन-चार पॉझिटिव्ह, आणि खाली आईचा मेसेज, ताई एवढे जंतू पोटात गेले कसे? म्हणून एकदा नीट लिहिते.

पूर्वी मुख्य आधार कल्चरचा. शी प्लेटवर लावायची, रात्रभर इनक्युबेटरमध्ये ठेवायची आणि सकाळी बघायचं काय उगवलंय. शिगेला, म्हणजे रक्ताचे जुलाब करणारा बॅक्टेरिया, यात हमखास निसटतो, कारण तो फार नाजूक, नमुना लॅबला पोचायला उशीर झाला की मरतो, आणि पोराला आधीच अँटिबायोटिक पाजलेलं असेल तर प्लेट कोरीच राहते. रोटासारखे व्हायरस तर प्लेटवर उगवतच नाहीत. पीसीआरला जंतू जिवंत लागत नाही, त्याच्या जीन्सचा ठरावीक तुकडा सापडला की पुरे. अर्थात शी हा नमुना त्रासदायकच, त्यातले पित्ताचे क्षार वगैरे रिअ‍ॅक्शनच बंद पाडतात, म्हणून चांगल्या टेस्टमध्ये सुरुवातीलाच एक निरुपद्रवी व्हायरस मुद्दाम मिसळतात आणि शेवटी तोही सापडला नाही तर त्या निगेटिव्हवर विश्वास ठेवायचा नाही.

आता खरी गोष्ट. हे जंतू ठणठणीत मुलांच्या शीतही सापडतात! जेम्स (GEMS) नावाचा लहान मुलांच्या जुलाबांवर मोठा अभ्यास झाला, आफ्रिका आणि दक्षिण आशियातले सात देश, आपल्याकडचं कोलकाता त्यात होतं. त्यांनी जुलाब झालेल्या प्रत्येक मुलासोबत त्याच भागातली, त्याच वयाची, जुलाब नसलेली मुलंही तपासली, आणि मला यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच वाटतं. 2013 ला पहिले निकाल आले, मग तेच साठवलेले नमुने पीसीआरने परत तपासले, ते 2016 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. जुन्या पद्धतीने जेमतेम निम्म्या जुलाबांचं कारण लागत होतं, ते जवळपास 90 टक्क्यांवर गेलं. शिगेलाचा वाटा साधारण दुप्पट निघाला, अ‍ॅडिनोव्हायरस 40/41 या जुलाब करणाऱ्या व्हायरसचा तर पाचपट.

पण हे जमलं कारण त्यांनी जंतू आहे की नाही एवढंच न बघता किती आहे ते बघितलं. पीसीआरमध्ये दर सायकलला तुकडे दुप्पट होतात, त्यामुळे जंतू भरपूर असेल तर सिग्नल लवकर येतो, तो कितव्या सायकलला आला त्या आकड्याला सीटी व्हॅल्यू म्हणतात. एका मुलाच्या नमुन्यात सीटी 20 आणि दुसऱ्याच्या 33, तर दोघांमध्ये आठ हजार पटीचा फरक आहे, आणि आपल्या हातातल्या कागदावर मात्र दोन्हीकडे नुसतं पॉझिटिव्ह छापलेलं असतं! मला या गोष्टीचा मनापासून राग येतो. ईपीईसी, ईएईसी असली ई कोलायची (आतड्यातला एक बॅक्टेरिया) नावं दिसली तर बहुतेक वेळा ती तिथे नुसती राहत असतात. रोटाचा डोस नुकताच पाजला असेल तर लशीतलाच व्हायरस पॉझिटिव्ह दाखवू शकतो, ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आणि प्लीज, रिपोर्टची वाट बघत ओआरएस थांबवू नका. जंतू कुठलाही असो, पोराचा जीव जातो तो पाणी आणि क्षार कमी पडल्यामुळे. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी कॉलराच्या पेशंटना मीठ-साखरेचं पाणी पाजून वाचवलं तेव्हा कुठला जंतू कोणाला याच्या रिपोर्टसाठी कुणी थांबलं नव्हतं. सोबत झिंक 14 दिवस, सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळांना 10. जुलाब दोन दिवसात थांबले तरी कोर्स पूर्ण करायचा, लोक हमखास मधेच सोडतात.

पॅनेल कधी करावं मग? शीत रक्त पडतंय, जुलाब दोन आठवड्यांच्या वर गेलेत, मूल फार अशक्त आहे किंवा त्याची प्रतिकारशक्ती कमी आहे, अशा वेळी डॉक्टर म्हणाले तर जरूर करा. क्रिप्टोस्पोरिडियमसारखा परजीवी नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद देत नाही आणि साध्या शी तपासणीत सहसा दिसतही नाही, तिथे या टेस्टने खरंच औषध बदलतं.