गड्ड्यावरचा कोट

पौषात सोलापूरला गेलो होतो, ते एका स्नेह्यांच्या, म्हणजे काकांच्या, घरी भिंतीवर टांगलेले छायाचित्र पाहण्यासाठी. मोरारजी गोकुळदास यांनी १८७७ मध्ये काढलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे गावाच्या तोंडची ‘जुनी मिल’, हिच्या आवारावरून रिक्षा त्यांच्या गल्लीत शिरली.

चित्र जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले, कडांनी तपकिरी पडलेले. त्यात काकांचे आजोबा उभे आहेत. ते गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, जॉबर म्हणजे मुकादम होते. पण चित्रात साचा म्हणजे माग नाही, त्यात आडवा धागा नेणारा धोटा नाही, धुराडेही नाही. मागे रंगवलेल्या पडद्यावर कारंजे आणि संगमरवरी जिना, शेजारच्या तिवईवर जाडजूड पुस्तक, आणि आजोबांच्या अंगात बंद गळ्याचा काळा कोट, ज्याच्या बाह्या मनगटाच्या चार बोटे वरच संपतात.

“तो कोट आमचा नव्हे, फोटोवाल्याचा,” काका म्हणाले. “गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेत तंबू ठोकायचे ते. फोटो झाला की कोट पुढच्याच्या अंगात.”

हा फोटोवाला गिरणीत का गेला नाही, याचे उत्तर त्याच्या सामानातच आहे. त्या काळच्या काचेच्या प्लेटला भरपूर उजेड लागे आणि समोरच्याला निश्चल राहावे लागे. साचेखात्यात फिरत्या धोट्याचा नुसता धूसर पट्टा उमटला असता. मॅग्नेशियमची पूड पेटवून उजेड करता येई खरा, पण कापसाच्या उडत्या तुसात ठिणगी कोण पाडू देणार? शिवाय पदरचे पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाइकाला दिवसभर पाहिलेली गिरणी घरच्या भिंतीवर कशाला हवी असेल! लाला दीनदयाळ यांच्यासारख्या नामवंत छायाचित्रकारांकडे संस्थानिक होते. जॉबरसाठी गड्ड्यावरचा तंबू होता. गिरणगावाची खरी नोंद मला त्या आखूड बाह्यांतच दिसते.

भिंगातून पाहिले, तर गालांवर निगेटिव्हवरच शिसपेन्सिलीचे बारीक ठिपके देऊन देवीचे व्रण बुजवलेले दिसले. चेहरा लख्ख आला आहे. उजव्या हाताची बोटे मात्र हलून पुसट झाली आहेत. निगेटिव्हच्या मूळ काचेचे काय झाले, हे काकांना ठाऊक नव्हते. अशा कितीतरी काचा धुऊन पुन्हा खिडक्या-तसबिरींना बसत.

फ्रेमच्या काचेवर चकाकी येत होती, म्हणून ती अंगणात नेली आणि काकांना ती धरून उभे राहायला सांगितले. मी मोबाइल वर केला, तोच ते म्हणाले, “थांबा, सदरा बदलून येतो.”