पाच सेकंदांची शिंक

आज एकदाचा वेस्ट ऑरेंजला एडिसनच्या प्रयोगशाळेत जाऊन आलो. पाहुणे आले की त्यांना न्यूयॉर्क दाखवायचं, त्या नादात न्यू जर्सीतलं हे घराजवळचं ठिकाण राहूनच गेलं होतं.

सगळ्यात जास्त रेंगाळलो ते ‘ब्लॅक मारिया’पाशी. १८९३ साली तयार झालेला एडिसनचा फिल्म स्टुडिओ. मूळचा १९०३ मध्ये पाडला, आता आहे ती १९५४ ची प्रतिकृती. स्टुडिओ कसला, डांबरी कागद ठोकलेली काळीकुट्ट लाकडी शेड! खर्च ६३७ डॉलर ६७ सेंट. पण डोकं बघा: दिव्यांवर भागत नव्हतं, म्हणून छप्पर उघडायचं, आणि ऊन सरकेल तशी अख्खी शेड गोल रुळावर ढकलून सूर्याकडे फिरवायची. आतून सगळं काळं, म्हणजे माणूस उठून दिसतो.

१८९४ च्या जानेवारीत इथे काय टिपलं, तर फ्रेड ऑट या कामगाराची शिंक. चिमूटभर तपकीर, जेमतेम पाच सेकंद, खेळ खलास. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे व्हिडिओ याहून फार वेगळे नसतात म्हणा!

हे सगळं प्रत्यक्ष उभं केलं ते एडिसनच्या हाताखालच्या विल्यम डिक्सननं. कॅमेऱ्यावरचं बहुतेक काम त्याचंच, नाव मात्र साहेबांचं. १८९५ मध्ये तो एडिसनला सोडून गेला, आणि बरं केलं. पुढे प्रतिस्पर्धी बायोग्राफ कंपनी उभी करण्यात त्याचाच हात होता.