माशेलात चिखल होणार की नाही

"पाऊस पळाला रे," मावशीचा फोन. हॅलो नाही, कसा आहेस नाही, डायरेक्ट हवामान. मी पणजीत ऑफिसमध्ये, बाहेर जुलैचा पहिला आठवडा आणि कडक ऊन. म्हटलं बरं झालं की, कपडे तरी वाळतील. तर बाई एकदम उखडल्याच. "कपडे कसले घेऊन बसलास, द्वादशीला चिखल नको?"

तर विषय हा. माशेलचा चिखलकाला. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरच्या मैदानात पोरंटोरं, बापे, पन्नाशीचे काका सगळे अंगाला तेल चोपडून चिखलात लोळतात. कृष्ण गोकुळात सवंगड्यांबरोबर जे खेळ खेळला ते खेळायचे, असा हिशोब. मी पणजीत सहा वर्षं राहतोय, दरवर्षी पेपरात फोटो बघतो आणि "पुढच्या वर्षी नक्की" म्हणतो. अंतर किती तर 17-18 किलोमीटर. लाज वाटायला हवी खरं तर. यावेळी मावशीच्या आवाजात एवढी काळजी होती की मी त्याच संध्याकाळी दोन दिवसांची रजा टाकली, कारण दिलं 'घरगुती'.

मावशी सावंतवाडीची, लग्न होऊन माशेलला आली त्याला चाळीस वर्षं झाली, त्यामुळे तिची भाषा म्हणजे मराठी, मालवणी आणि कोकणी यांची मिसळ आहे, वरून फरसाण. हे आधीच सांगून ठेवतो म्हणजे पुढे गोंधळ नको.

एकादशीला सकाळी बस पकडली. रायबंदरच्या रस्त्याने जुनं गोवं, तिथून बाणस्तारीचा पूल. कंडक्टर सारखा "फुडें वच, फुडें वच" करत होता आणि पुढे जायला इंचभर जागा नव्हती. पुलाखाली कुंभारजुव्याची खाडी, मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारी. हिच्यात मगरी आहेत, हे बाहेरच्या पाहुण्यांना सांगितलं की त्यांना वाटतं आपण फेकतोय. खऱ्या आहेत. खारफुटीच्या मुळांशी ओहोटीला पडलेल्या असतात ऊन खात. त्या दिवशी त्यांचीही मजा असणार, ऊन भरपूर होतं.

माशेलच्या तिंट्यावर उतरलो. तिंटो म्हणजे बाजार. भाजीवाल्या बायका पोतं पसरून बसलेल्या, समोर पावसाळी माल. तायकिळो म्हणजे आपला टाकळा, कोवळा, फणसाच्या आठळ्या घालून त्याची भाजी करतात. तेरं म्हणजे रानटी अळू, किल्ल म्हणजे बांबूचे कोंब, एका टोपलीत फागलां म्हणजे करटोली. एकीकडे दोनच पुड्या अळम्यांच्या म्हणजे आळंब्यांच्या, पानात बांधलेल्या. ही रानातली अळमी रोयणीवर म्हणजे वारुळावर उगवतात, वाळवीच्या जिवावर, त्यामुळे शेतात लावून काढता येत नाहीत, रानाने दिली तर मिळतात. विकतात ती नगावर. मी भाव विचारला आणि गप्प पुढे सरकलो.

"यंदा अळमी कमी गो?" बाजूच्या बाईने विचारलं.
"पाऊस ना मगे," भाजीवाली म्हणाली, आणि मग दोघी आभाळाकडे बघायला लागल्या.

पुढचा अख्खा दिवस हेच. न्हाव्याच्या दुकानात हेच, पाववाल्या पोदेराच्या सायकलजवळ हेच, चहाच्या हॉटेलात भजी तळणारा झारा हवेत धरून हेच. एरवी कुठल्याही गावात चार माणसं जमली की पंचायत, रस्ता, कोणाच्या पोराला नोकरी लागली असल्या गप्पा. त्या दिवशी माशेलात बातमी एकच, चिखल होणार का. एक म्हातारबाबा म्हणाले तिथी लवकर आली की हा घोळ होतोच. खरंय, आषाढी 2024 ला 17 जुलैला होती आणि 2025 ला 6 जुलैला, अकरा दिवसांचा फरक, आणि पावसाळ्यात अकरा दिवस म्हणजे केवढं तरी मैदान भिजतं. एकाने टँकर आणूया म्हटलं. त्याच्याकडे सगळ्यांनी असं बघितलं की त्याने निमूट चहा संपवला.

एका दुकानाच्या बाहेर फळा लटकवलेला. गावच्या बातम्या खडूने लिहिलेल्या, मी उभा राहून पूर्ण वाचला. एकादशी भजन, वाड्यांच्या पाळ्या. खाली नाटकाची तालीम रात्री 9 वाजता, वेळेवर यावे (वेळेवर खाली दोन रेघा). रक्तदान शिबिर. ज्योती भाताचं बियाणं उरलं आहे, हवे त्यांनी विचारावे. मग एक छत्री सापडली आहे, काळी, दांडा तुटका. ही काळी तुटकी छत्री गोव्यात कोणाची म्हणून ओळखायची देव जाणे.

आणि सगळं मराठीत, बरं का. ही गंमत बाहेरच्यांना पटकन कळत नाही. याच फळ्यासमोर उभे राहून लोक आपापसात कोकणीत बोलत होते. इथे भांडण कोकणीत, लाड कोकणीत, पण भजन मराठीत, जत्रेतलं नाटक मराठीत, सकाळचा पेपर बऱ्याच घरांत मराठी. मावशीचे यजमान घरात एक वाक्य मराठीत बोलणार नाहीत पण स्टेजवर चढले की ऐतिहासिक नाटकातली पल्लेदार मराठी, तीही दोन-दोन पानांची. भाषेच्या वादात मला पडायचं नाहीये, जे दिसलं ते सांगतोय.

दुपारी उपासाचं खाऊन झोप काढली आणि संध्याकाळी देवळात गेलो. आईसोबतचा कृष्ण असलेलं देऊळ फार कमी ठिकाणी सापडतं, इथे मुख्य देवताच देवकी आणि बाळकृष्ण. हा देव मुळात माशेलचा नाही. तो चोडण बेटावरचा. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला सुरुवात केली तेव्हा लोकांनी मूर्ती आधी मयेला नेली आणि तिथून इकडे माशेलला, कारण अंत्रुज महाल म्हणजे आजचा फोंडा तालुका तेव्हा पोर्तुगीजांच्या हातात नव्हता, तो त्यांच्याकडे गेला अठराव्या शतकात. त्यामुळे या भागात वाटेवर जे देऊळ लागेल त्याची चौकशी करा, निम्मे देव नदीपलीकडून आलेले निघतील. खांडोळ्याचा महागणपती दिवाडी बेटावरून आलेला. देवकीकृष्णाच्या सोबतीला देवळात पिसो रवळनाथ पण आहे. पिसो म्हणजे वेडा. देवाला प्रेमाने वेडा म्हणणारी माणसं मला एकदम आवडून गेली.

आत भजन चालू. एकादशीला सुरू झालेलं ते द्वादशीपर्यंत अखंड, चोवीस तास, एका मंडळीने थांबायचं नाही तोवर दुसरी येऊन बसायची. पेटी, पखवाज, टाळ. मी रात्री साडेबाराला पुन्हा गेलो तेव्हा गर्दी ओसरली होती, पंधरा-वीस जण असतील. एक सातआठ वर्षांचा पोरगा खांबाला टेकून झोपलेला, हातात टाळ तसेच, आणि गंमत म्हणजे गजर चढला की झोपेतच त्याचा उजवा हात हलायचा. दोनदा बघितलं, खात्री करून घेतली. फोटो काढावा असं वाटलं, मग नाही काढला.

आणि साधारण तीनच्या सुमाराला, मी घरी पांघरुणात, कौलांवर आधी एक थेंब, मग दहा, मग असा कोसळला की बास. बाजूच्या खोलीतून मावशीचा आवाज, "आयलो!" जसा काही पाहुणाच मुंबईहून आलाय.

सकाळी रस्त्यावर प्रत्येकाच्या तोंडावर विजय. कालचा टँकरवाला पण कॉलर ताठ करून फिरत होता.

देवळापाशी पोचलो तर चपलांचा डोंगर. मीही माझ्या काढल्या, नवीन होत्या, खांबाजवळ नीट लावून ठेवल्या, खूण म्हणून बाजूला नारळाची शेंडी ठेवली (हुशारी बघा). आत उघडी अंगं, हाफ पँटी, एकमेकांच्या पाठीला तेल चोळणं चाललेलं. भजन संपत आलेलं. मग विठ्ठलनामाचा गजर करत सगळे बाहेर पडले, देवळाला फेरी मारली आणि थेट मैदानात. तांबडी माती, त्यात रात्रभराचा पाऊस, आणि वरून अजून सरी चालूच.

मी कडेला मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून उभा. कडेला आता गर्दी बरीच असते. गेल्या काही वर्षांत पर्यटन खात्याने याला राज्य पातळीवरचा उत्सव केलाय, त्यामुळे मंडप, मोठे स्पीकर, पुढच्या रांगेत पाहुण्यांच्या खुर्च्या. गावातल्या लोकांना याचं कौतुक आहे, आणि कार्यक्रम राज्यभर पोचतो हे चांगलंच, पण स्पीकरचा आवाज जरा कमी ठेवला असता तर तो गजर अजून नीट ऐकू आला असता असं माझं मत, कोणी विचारलेलं नसताना.

खेळ मात्र जसेच्या तसे. बेडूकउड्या, आंधळी कोशिंबीर, चेंडूफळी. सगळ्यात भारी चक्र. दोन गडी एकमेकांत असे अडकून लोळतात की माणसांचं चाक तयार होतं आणि ते चाक मैदानभर गडगडत जातं, मध्ये येईल त्याला आडवं करत. वरच्या बाजूने लोक लाडू, केळी, चॉकलेटं फेकतात आणि खाली चिखलात झुंबड. एका काकांनी हवेत झेललेला लाडू तोंडात टाकला तेव्हा त्यात लाडू किती आणि माशेल किती हे सांगणं कठीण होतं. खेळणारे बहुतेक पुरुष आणि मुलगेच, बायका कडेने बघतात, मावशी म्हणे आम्ही घरी गेल्यावर तो सगळा चिखल धुतो तोच आमचा काला.

एक तरुण बाप आपल्या जेमतेम वर्षाच्या पोराला काखेत धरून आला, वाकला आणि हळूच त्याचे पाय चिखलात टेकवले. पोराने आधी खाली बघितलं, मग बापाकडे, पायाची बोटं आखडली, सोडली, पुन्हा आखडली. रडेल वाटलं. नाही रडलं. दुसऱ्यांदा टेकवले तेव्हा स्वतःच पाय आपटायला लागलं आणि बापाचा चष्मा गेला.

हे मी मोबाइलमध्ये घेत होतो तेवढ्यात मावशीच्या शेजारचा पोरगा, नखशिखांत तांबडा, फक्त दात पांढरे, समोर येऊन उभा. "फोटो काडपाक आयला काय खेळपाक?" उत्तर द्यायच्या आत दुसऱ्या दोघांनी मागून उचललं. मोबाइल मावशीकडे फेकला, तिने झेलला (साठीला आलीय, मानलं), आणि मी पाठीवर धप्पकन.

वरचा चिखल कोमट असतो, पावसाच्या सरी असूनही, आणि बोटभर खाली गेलं की गारेगार. वास ओल्या भाताच्या शेतासारखा. पहिली दोन मिनिटं आपण शर्टाचा विचार करतो. मग कानात जातो, मग शर्ट वगैरे काही आठवत नाही. चक्रात एकदा मीही गेलो, किती वेळा उलटा झालो माहीत नाही, बाहेर आलो तेव्हा देऊळ चुकीच्या बाजूला होतं. ऑफिसमध्ये दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाच्या कमरेला हे झेपत नाही, पण ते कळलं दुसऱ्या दिवशी.

शेवटी दहीहंडी फुटली आणि गर्दी पांगली. खांबाजवळ आलो तर नारळाची शेंडी जागेवर, उजवी चप्पल जागेवर, डावी गायब. तिच्या जागी दुसरी कोणाची तरी डावी, दोन नंबर छोटी, अंगठा तुटायला आलेला. तीच घालून लंगडत निघालो. रस्त्यात पोरं विहिरीवर बादल्यांनी एकमेकांना धूत होती, त्यांनी मलाही दोन बादल्या मारल्या.

जाता जाता एका चित्रशाळेत डोकावलो. चवथीला अजून वेळ होता पण आत मातीचे गणपती रांगेने, काहींना अजून सोंड नाही. कारागीर म्हणाला पाऊस हवा पण इथे आत नको, माती सुकत नाही. या भागात चवथ म्हणजे मोठंच प्रकरण, माशेलात दरवर्षी वेगवेगळ्या वस्तूंपासून केलेले सार्वजनिक गणपती बघायला गोवाभरातून लोक येतात, आणि शेजारी कुंभारजुव्यात होड्या जोडून सांगोड निघतात. त्याला या, तो म्हणाला. येतो म्हटलं. पुढच्या वर्षी नक्की असं म्हणणार होतो, जीभ चावली.

पणजीला परत आल्यावर चार दिवस कानातून माती निघत होती. पाचव्या दिवशी मावशीचा फोन, मागे कौलांवर धो धो आवाज.

"पाऊस थांबतच नाही रे, लावणीला माणसं मिळत नाहीत. आणि ऐक, फळ्यावर लिहिलंय, डाव्या पायाचं चप्पल सापडलं आहे, नवीन. तुझंच ना?"

म्हटलं माझंच. आणि ती छत्री? ती अजून तिथेच आहे म्हणाली.