तुम्ही विचारलंत म्हणून: गोळ्यांची पिशवी कशाला?

"डॉक्टर, साधी सर्दी झालीय. घरातल्या सगळ्या गोळ्या कशाला आणायच्या?" लालबागच्या माझ्या दवाखान्यात हे सतत कुणी ना कुणी विचारतं. मागोमाग टोमणाही येतो: "वर परीक्षा घेता, कुठली गोळी कधी घेणार ते बोलून दाखवा म्हणून." काही जण विचारतही नाहीत, सरळ पुढच्या गल्लीत जातात. तिथे दोन मिनिटांत काम होतं. तेव्हा एकदाच सांगून टाकते.

एका मावशींना सांधे सुजणारा संधिवात होता. स्पेशालिस्टनी मेथोट्रेक्सेट सुरू केलं. संधिवातासाठी हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. मावशींना ते रविवारी आणि बाकीचे दिवस फॉलिक ॲसिड ही जीवनसत्त्वाची गोळी, असं दिलं होतं. दोन्ही गोळ्या लहान, दोन्ही पिवळ्या. चिठ्ठी अगदी स्वच्छ. औषधांची नावं वाचता येतील अशी, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावीत हा २०१६चा नियम तिथे पाळलेला होता. फक्त ती अक्षरं इंग्रजी आणि मावशींची शाळा मराठी, तीही सातवीपर्यंत. केमिस्टने गोळ्या बरोबर दिल्या, हव्या तेवढ्या कापून. नाव पट्टीच्या उरलेल्या तुकड्यावर, त्याच्याच दुकानात राहिलं. सुनेने मायेने दोन डब्या केल्या, वर चिकटपट्टी लावून लिहिलं: "रोजची", "रविवारची". गोळ्या उलट्या डब्यांत पडल्या, आणि आठवड्याची गोळी रोज पोटात जाऊ लागली.

मावशी माझ्याकडे आल्या त्या "तोंड आलंय, बी-कॉम्प्लेक्स द्या" म्हणत. पाण्याचा घोटही उतरत नव्हता, अंगात ताप होता. नवीन काय सुरू आहे विचारलं तर म्हणाल्या, "सांध्यांची पिवळी गोळी." कुठली पिवळी? सून चाळीत धावत गेली आणि डब्या घेऊन आली. एका डबीच्या तळाशी पट्टीचा तुकडा होता, त्यावर औषधाच्या नावाची शेवटची काही अक्षरं. तेवढी पुरली. त्याच संध्याकाळी टॅक्सीत घालून त्यांना मोठ्या रुग्णालयात पाठवलं. पांढऱ्या पेशी घसरल्या होत्या. या औषधावर फॉलिनिक ॲसिडचा उतारा असतो, तो मिळाला आणि मावशी वाचल्या.

लोकांना गोष्ट इथे संपावीशी वाटते. घरी परतल्यावर मुलगा माझ्यासमोर बायकोला म्हणाला, "तुला वाचता येत नाही का?" ती बीकॉम आहे. मी सांगायचा प्रयत्न केला की वाचण्यासारखं तिच्या हातात काही उरलंच नव्हतं. स्पेशालिस्टनी काय चुकवलं, केमिस्टने काय, तिने काय, तुम्हीच दाखवा म्हटलं. त्याला एक माणूस हवा होता आणि तो घरातच सापडला होता. त्यानंतर ती दवाखान्याची पायरी चढली नाही. मावशी शेजारणीबरोबर येतात. मेथोट्रेक्सेटला त्यांनी पुन्हा हात लावला नाही, नीट घेतलं तर चांगलं औषध आहे हे मी कितीदा समजावलं तरी. बोटं वाकडी होत चालली आहेत. गणपतीत मोदकाच्या कळ्या आता दुसरं कुणी पाडतं.

त्याआधीची मी असल्या गोष्टींना हसायची. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये औषधांमुळे होणारी, टाळता येण्यासारखी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायची घोषणा केली, तेव्हा वाटलं होतं, हे मोठ्या हॉस्पिटलांचे कागदी घोडे. डॉक्टरने लक्ष दिलं की झालं. त्या घोषणेत तीन ठिकाणं जपायला सांगितली होती: जोखमीची परिस्थिती, एकाच वेळी अनेक औषधं, आणि पेशंट एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडे जातो तो टप्पा. तिन्ही मावशींच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत होती. पण ती जुनी मी अजून वाद घालते: चिठ्ठी तुझी नव्हती, दुकान तुझं नव्हतं, तू काय वेगळं करणार होतीस? खरं आहे. काही नाही.

आता करते ते एवढंच. पिशवी मागते. आठवड्याची गोळी असेल तर वार मराठीत लिहिते आणि कशासाठी तेही, कारण "सांध्यांसाठी, फक्त रविवारी" हे घरातलं कुणीही वाचू शकतं. मग बोलून दाखवायला सांगते. परीक्षा असलीच तर माझी असते, मी नीट सांगितलं का याची. केमिस्टला म्हटलं, नावाचा तुकडा गिऱ्हाइकाला द्या. तो म्हणाला, "मॅडम, नाव एकाच तुकड्यावर असतं, तो दिला तर उरलेल्या गोळ्या मी कुणाला विकू?" अख्खी पट्टी घ्यायला सांगावं, तर दोन दिवसांच्याच गोळ्यांचे पैसे खिशात असलेला माणूस समोर उभा असतो. आता तो कागदी पाकिटावर पेनाने नाव लिहून देतो, गर्दी नसेल तेव्हा.

गर्दीचं माझंही तेच आहे. पावसाळ्यात सोमवारी संध्याकाळी बाकडी भरलेली असतात, तेव्हा मी पिशवीचं नाव काढत नाही. माझी असिस्टंट याहून कडू बोलते: "पिशवी आणणारे असेही सांभाळून घेणारेच असतात." चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या चाळीत एकटे राहणारे येतात ते रिकाम्या हातांनी. त्यांच्यासाठी शेजारच्या एखाद्या मुलीला पट्ट्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायला सांगते. ती बिचारी लगेच पाठवते, बहुतेक वेळा गोळ्यांच्या बाजूने. नाव पाठीमागे असतं.