साड्या पाठवू नयेत

स्मृतिभ्रंश झालेल्या आईला जिथे ठेवलंय, त्या केंद्राची यादी मंगळवारी आली. व्हॉट्सअ‍ॅपवर, टाइप केलेली, नेटकी. पुढून उघडणारे सुती गाऊन सहा, बटणांचे, चेन नको. स्वेटर दोन. लोकरी मोजे. रबरी तळाच्या, मागे पट्टा असलेल्या चपला. चष्म्याला दोरी. सोनं, काचेच्या बांगड्या ठेवू नयेत. प्रत्येक कपड्यावर न पुसणाऱ्या शाईने नाव. आणि सगळ्यात खाली: साड्या पाठवू नयेत.

तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

अवघड होतं ते तर सगळं पार पडलं होतं. दादा बंगलोरहून जाऊन जागा बघून आला. अनामत भरली. दोन बेडची खोली, खिडकीकडचा बेड आईला. डायपरचे पैसे वेगळे, फिजिओचे वेगळे, सगळं कबूल केलं. डॉक्टरांची चिठ्ठी, रक्ताचे रिपोर्ट, छातीचा एक्स-रे, आधारची झेरॉक्स. आईला घरी सांभाळायला येणाऱ्या ब्युरोच्या बायकांचं रामायण संपलं. मध्यरात्री आई कडी काढून जिना उतरून गेली, त्यानंतर नातेवाइकांपैकी कुणी वादही घातला नाही. दिवाळीनंतर थोडे दिवस ठेवून बघू म्हणून नेलं आणि आता ती तिथेच राहायची हेही ठरलं. हे सगळं मी इथे जर्मनीत बसून, रजा न घेता, डोळ्यांतून टिपूस न काढता केलं. आणि या एका ओळीशी येऊन थांबले.

आईने गाऊन घातला तो फक्त रात्री. तोही बाबा गेल्यावर, मावशीने आणून दिला म्हणून. सकाळी दूधवाल्याची बेल वाजायच्या आत ती साडी नेसून तयार असायची. ताप असला तरी. मोतीबिंदूचं ऑपरेशन करून घरी निघालो तेव्हा एका डोळ्यावर हिरवी पट्टी, एका हातात औषधांची पिशवी, आणि रिक्षात पाय टाकायच्या आधी ती वाकून निऱ्या सारख्या करत होती. मी म्हटलं, अगं कोण बघतंय. ती म्हणाली, मी बघतेय ना.

मी तिथल्या मॅडमना फोन केला. त्या चिडल्या नाहीत, नीट सांगितलं. साडीत पाय अडकतो, आणि या वयात खुब्याचं हाड मोडलं तर पुढचं सगळंच बदलतं. बाथरूमची घाई झाली की साडी सोडायला वेळ मिळत नाही, मग त्या माणसालाच ओशाळं वाटतं, रडतात. देखभाल करणाऱ्या एकेका बाईकडे कितीतरी जण असतात, प्रत्येकीला सकाळी साडी नेसवायची म्हटलं तर नाश्त्याला बारा वाजतील. मला पटलं. अगदी पूर्ण पटलं. पटल्यामुळे तर भांडायलाही जागा उरली नाही.

पण तिला विचारलं नाही. तिचे कपडे काय असावेत ते मॅडमनी ठरवलं, मी होकार दिला, दादाने ऑर्डर टाकायची तयारी केली. फुलाफुलांचे, एक्स्ट्रा लार्ज. ज्या बाईने माझ्या लग्नात माझ्या सासूबाईंनी पसंत केलेला शालू दुकानात परत करून दुसरा आणला, त्या बाईला कुणी विचारलं नाही.

आणि विचारायचं म्हणजे कसं? विचारलं की उत्तर मिळतं, तोच तर घोळ आहे. मी व्हिडिओ कॉलवर विचारलं, आई, तुला इथे बरं वाटतंय ना? बरं आहे की, बायका चांगल्या आहेत. हे दहा वाजता. दहा वाजून पाच मिनिटांनी, मला घरी सोडा, आई वाट बघत असेल. तिची आई जाऊन चाळीस वर्षं झाली असतील. यातलं कुठलं उत्तर खरं धरायचं? मी सोयीचं तेवढं धरते असं मला अधूनमधून वाटतं. मग वाटतं की गैरसोयीचं धरून तरी मी काय करणार होते.

कायद्यालाही तिला विचारायचं कसं हे कळलेलं नाही. आईने सगळं समजत होतं तेव्हा दादाच्या आणि माझ्या नावाने कुलमुखत्यारपत्र करून ठेवलं होतं. वकिलांनी ते वाचून शांतपणे बाजूला ठेवलं. १८७२चा करार कायदा, कलम २०१: ज्याने अधिकार दिले त्याचं मानसिक भान गेलं की दिलेले अधिकारही संपतात. म्हणजे जेव्हा त्या कागदाची खरी गरज, तेव्हाच तो रद्दी. आता बँकेतल्या ठेवींसाठी उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागेल म्हणतात. इथे जर्मनीत माझ्याबरोबर काम करणारीने पन्नाशीतच मुलीच्या नावाने कागद करून ठेवलाय, आणि तो भान गेल्यावरही चालतो, किंबहुना त्यासाठीच असतो. कुठे राहायचं, कुणी आंघोळ घालायची, सगळं तिने आधीच लिहिलंय. आपल्याकडे मुलीला असं काही लिहून द्यायचं म्हणजे अभद्र बोलल्यासारखं. दादाचं आणि माझं यावरून जे झालं ते इथे लिहीत नाही.

दर महिन्याला माझ्या पगारातून काळजी-विम्याचे, म्हणजे परावलंबी माणसांच्या देखभालीसाठीच्या विम्याचे, पैसे कापले जातात. १९९५पासून तो इथे सक्तीचा आहे. चांगली व्यवस्था आहे, माझी तक्रार नाही. फक्त पगाराच्या चिठ्ठीवर ती ओळ दिसली की वाटतं, माझ्या हातून इथल्या कितीजणींच्या आयांची सोय लागते आहे.

काल ऑफिस सुटल्यावर फ्रँकफर्टच्या वेस्टएंडपर्यंत चालत गेले. विद्यापीठाचा मोठा परिसर आहे तिथे पूर्वी मनोरुग्णालय होतं. डॉक्टर अल्झायमर तिथेच होते, आणि १९०१च्या नोव्हेंबरात आगुस्टे डेटरला तिथेच आणलं होतं. एकावन्न वर्षांची. नवरा रेल्वेत कारकून. तो तिला घेऊन आला, तिथे ठेवून परत गेला. ती १९०६च्या एप्रिलमध्ये गेली आणि त्याच नोव्हेंबरात डॉक्टरांनी तिच्या मेंदूत काय दिसलं ते ट्युबिंगेनला जाऊन सांगितलं. आजाराला डॉक्टरांचं नाव मिळालं. तिचा एक फोटो सगळीकडे असतो. मोकळे केस, गुडघ्याभोवती हात, आणि अंगात पांढरा, सैल, दवाखान्याचा झगा. तो फोटो मी इतके वेळा पाहिला, पण झग्याकडे या आठवड्यातच लक्ष गेलं. एका कारकुनाची बायको, घर चालवणारी. घरी ती काय घालत असेल? त्याने तिचे कपडे बांधून दिले असतील का? की त्यालाही कुणी सांगितलं असेल, हे आणू नका?

तिथे एका बाकावर बसून मी रडले. थंडी होती, मुलं सायकली सोडवत होती. तिच्यासाठी रडले, आईसाठी रडले, आणि खरं सांगायचं तर जास्त माझ्यासाठी. घड्याळ मागे गेल्यापासून पुण्याचं आणि इथलं अंतर साडेचार तासांचं झालंय. आईचा बरा वेळ म्हणजे आंघोळ-नाश्ता झाल्यावरचे दहा. म्हणजे इथे साडेपाच. अंधारात उठून मी स्वयंपाकघरात दिवा लावून बसते, चेहरा जरा उजेडात दिसावा म्हणून. तिकडे संध्याकाळ कलली की ती कुणाचंच ऐकत नाही, दाराशी जाऊन उभी राहते, तेव्हा मी मीटिंगमध्ये असते. काकूंचं ते वाक्य, परदेशात बसून फोनवर माया करणं सोपं असतं, ते मी विसरायचं ठरवलं होतं.

दादाने एक लेख पाठवला. आपल्याकडे साठीच्या पुढे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा, २०२३मध्ये छापून आलेल्या अभ्यासातला अंदाज. बायकांमध्ये प्रमाण जास्त. त्याला म्हणायचं असणार की आपण एकटे नाही. मी वाचलं आणि मनात आलं, यातल्या कितीतरी बायकांनी जन्मभर साडीच नेसली असेल. एक दिवस सकाळी ती नेसवायचं कुणीतरी बंद केलं असेल. तो दिवस कुणी लिहून ठेवला असेल का?

आज सकाळचा कॉल. हा लिहायलाच हवा.

सिस्टरने फोन टेबलावर टेकवून ठेवला आणि ती दुसऱ्या कुणाला तरी बघायला गेली. आई खुर्चीत. अंगात निळा गाऊन, आपला नव्हे, तिथलाच कुणाचा तरी. गळ्याशी काळ्या शाईत दुसरंच आडनाव. ती माझ्याकडे बघत नव्हती. खाली बघत होती. मांडीवरचं कापड तिने दोन बोटांत धरलं, अंगठ्याने मागे सारलं, पुन्हा धरलं. चार बोटांच्या मापाने एकावर एक घडी. मला आधी कळेना काय चाललंय. मग दिसलं. निऱ्या. करकरीत, एकसारख्या. सगळ्या एकत्र करून तिने तळव्याने दाबल्या आणि कमरेशी खोचल्या. गाऊनमध्ये खोचायला काही नाही, त्या सुटल्या. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चिडली नाही. मी हाक मारली नाही. सिस्टर येईपर्यंत बघत राहिले.

मग मावशीला फोन लावला. सगळं सांगितलं, यादीपासून. मला वाटलं ती चिडेल, ताईला गाऊनमध्ये ठेवलंत का म्हणेल. ती नुसतं हं, हं करत होती. मग म्हणाली, "अगं तिच्याच साड्यांचे शिवू ना. दुकानातले कशाला?"

"साड्या कापायच्या?"

"आजीच्या लुगड्यांच्या गोधड्या नाही शिवल्या आपण? अंगावरच राहिलं ना कापड. ताईनेच शिवल्यात की त्या."

मला हे सुचलं नव्हतं. मावशीला ते सुचायलासुद्धा लागलं नाही. ती लगेच हिशेबाला लागली. एका साडीत दोन गाऊन सहज निघतील, पदर वाया जाऊ द्यायचा नाही. सिंथेटिक घ्यायच्या नाहीत, घाम येतो. इरकल मात्र कापणार नाही, ते तुला ठेवते. ताईच्या कपाटाची किल्ली दादाकडे की तुझ्याकडे? मी म्हटलं, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे एक असते. म्हणाली, बरं.

दुपारी ती तीन साड्या पिशवीत घालून थेट आईकडेच गेली. मला व्हिडिओ लावला. मी जिन्यात जाऊन उभी राहिले. मावशीने साड्या एकेक करून आईच्या मांडीवर ठेवल्या. "ताई, यातली कुठली आवडते?" आईने पहिलीवरून हात फिरवला. दुसरीकडे बघितलं नाही. मग हात लांब करून मावशीच्या अंगावरच्या साडीचा पदर धरला, काठ उलटा करून बघितला, जशी दुकानात बघायची, आणि म्हणाली, "ही."

मावशी हसली. मीही. "घे बाई, ही पण देते," मावशी म्हणाली आणि तो पदर तिच्या हातात तसाच राहू दिला.

हे विचारणं झालं का, ते मला माहीत नाही. उद्या विचारलं तर ती दुसरं काही धरेल. पण ती काहीतरी धरते. काठ उलटा करून बघते. तेवढं अजून तिचं आहे, आणि मला तेवढ्यावर चालवून घ्यावं लागेल. आज ते जमेल असं वाटतंय. उद्याचं माहीत नाही.

मॅडमना कळवलं. पुढून उघडणारे आणि बटणांचे असतील तर काही हरकत नाही म्हणाल्या. दादाला ऑर्डर रद्द करायला सांगितली, त्याने कारण विचारलं नाही.

टेलरने मावशीला विचारलंय, काठ गळ्याला लावू की बाहीला. मी सांगितलं, दोन्हीकडे नको. खाली लावा, पण बसल्यावर मांडीवर येईल इतका वर, म्हणजे हाताला लागेल. आणि नाव शाईने नको, दोऱ्याने. मावशी म्हणाली, ते मी घालते, टेलर नीट घालणार नाही.