गोणपाट वर येईना

माझी पहिली साईट, पानशेतच्या रस्त्याला पुण्यापासून तासभरावर. धरणाच्या पाण्यात 12 मीटर खाली पाईपच्या तोंडावर लोखंडी जाळी असते, तिच्यात अडकलेला पाला-फांद्या काढायच्या आणि गज वाकलेत का बघायचं, एवढंच काम. मी भोसरीत वेल्डिंग करायचो, मग डायव्हिंगचा कोर्स केला, त्यामुळे सकाळपासून नुसता उतावीळ झालो होतो. पण काका, म्हणजे आमचे सुपरवायझर, नेव्हीतून रिटायर झालेले, ते मला हेल्मेटच घालू देईनात. आधी म्हणाले एक गोणपाट आण आणि वीट आण.

पाईपमधलं पाणी अडवणारं गेट चालवणाऱ्या माणसाने सांगितलं होतं की गेट फुल बंद आहे, गेटचा काटाही शून्यावर होता. तरी काकांनी गोणपाटात वीट बांधून दोरीने जाळीसमोर सोडलं. दोन मिनिटांनी मला म्हणाले, ओढ. ओढलं तर हलेचना. मी आणि टेंडर, म्हणजे वरून डायव्हरची नळी सांभाळणारा माणूस, दोघांनी पाय रोवून ओढलं, दोरी तारेसारखी ताठ, हाताला नुसती थरथर जाणवत होती. खाली पाणी चालू होतं म्हणजे, आणि वरून तलाव एकदम शांत, एक बुडबुडा नाही.

काकांनी तिथेच खडूने फरशीवर हिशोब मांडला. 10 मीटर पाण्याला दर चौरस सेंटीमीटरला 1 किलो प्रेशर, मग 12 मीटरवर अर्धा फूट बाय अर्धा फूट भोक असेल आणि पलीकडे पाणी नसेल तर साधारण 270 किलो जोर लागतो. "हात गेला तर हात सुटत नाही रे बाळा, वरून अंबिलिकल (डायव्हरची हवेची नळी) ओढून पण नाही." कोर्समध्ये डेल्टा पी, म्हणजे दोन बाजूंच्या दाबातला फरक, म्हणून हेच शिकवलं होतं, पेपरात बरोबर लिहून पण आलो होतो, पण खरं कळलं ते त्या दोरीला हात लागल्यावर.

गेट थोडं उघडून परत बसवलं, पलीकडून लाकडाचा ओंडका वाहून गेला, तोच गेटखाली अडकला होता. मग गोणपाट सुटलं. काकांनी गेटच्या पॅनेलला कुलूप लावून चावी स्वतःच्या खिशात टाकली आणि तरीही अजून दोनदा गोणपाट सोडून बघितलं. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, धरण त्याहून थोडं वर, म्हणून डायव्हिंगच्या टेबलमध्ये, म्हणजे किती खोल किती वेळ राहायचं त्या तक्त्यात, उंचीचं करेक्शन पण माझ्याकडून लिहून घेतलं. जेवणाची वेळ टळून गेली, गेटवाला वैतागला होता, पण काकांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. मला हा माणूस त्या दिवशी फार मोठा वाटला.

तीनला मी उतरलो. पाच-सहा मीटरनंतर काहीच दिसत नव्हतं, टॉर्चचा उजेड गढूळात तिथल्या तिथे संपत होता, सगळं काम हाताने चाचपून. कानात काका, "श्वास हळू, कुठे आहेस सांग." जाळी लागली. फांद्या काढल्या, चौथा गज वाकलेला, दोन वीत अंतर, कॉम्सवर सांगितलं. जाळीला हात लावण्याआधी मात्र मी तळवा उघडा धरून थोडा वेळ थांबलो होतो, ओढ लागते का ते बघत. नव्हती.

वर आलो तेव्हा गोणपाट तिथेच कठड्यावर वाळत होतं, त्यावर जाळीच्या गजांचे उभे वळ उमटले होते आणि मधे फाटलेलं.