गाडीचा पिकअप अडखळत होता, दोष निघाला ब्रेकच्या स्विचपाशी

इलेक्ट्रिक गाडी अडखळली की पेट्रोल गाडीसारखा प्लग, फिल्टर, पंप असा ठरलेला शोध घेता येत नाही. पायाने मागितलेली ताकद चाकापर्यंत जायच्या वाटेत एक्सिलरेटर पेडलचा सेन्सर, कंट्रोलर (गाडीचा मुख्य संगणक), बीएमएस (बॅटरी सांभाळणारी यंत्रणा) आणि इन्व्हर्टर (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी करून देणारा) असे सगळे बसलेले असतात, आणि त्यातला कुणीही ती अडवू शकतो. आमच्या हॅचबॅकला ३०-४०च्या वेगात पाय दिला की ताकद क्षणभर गायब व्हायची आणि मग धक्का देऊन परत यायची. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. सर्व्हिस सेंटरचं म्हणणं, कोड (गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा क्रमांक) नाही म्हणजे गाडी ओके.

सगळ्यांचा पहिला संशय बॅटरीवर जातो, म्हणून तो आधी मिटवला. त्यासाठी कात्रजचा जुना घाट उत्तम, बोगद्यापर्यंत सलग चढ मिळतो. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी पॅकमधले सेल एरवी ३.२-३.३ व्होल्टच्या आसपास असतात. चढावर सगळे मिळून थोडे खाली आले तर ते चालतं. एकच सेल बाकीच्यांना सोडून खाली कोसळत असेल तर मात्र बीएमएस ताकद कापतं. पण ते कापणं जोर लागतोय तोवर टिकतं, डोळ्याची पापणी लवेपर्यंत येऊन जात नाही. आमचे सेल घाटात शेवटपर्यंत बरोबरीने चालले. छोटी १२ व्होल्टची बॅटरीही तपासली. बंद गाडीत १२.५च्या वर आणि गाडी रेडी (चालायला तयार) केल्यावर १३.५ ते १४.५ असेल तर तिच्या नादी लागू नये.

खरं काम ओबीडी डोंगलने केलं, म्हणजे गाडीच्या तपासणी सॉकेटमध्ये लावून तिची रीडिंग फोनवर दाखवणाऱ्या छोट्या यंत्राने. साधा ईएलएम३२७ प्रकारचा डोंगल पुरतो, पण अ‍ॅपमध्ये वीस गोष्टी टिक केल्या की प्रत्येकीचं रीडिंग सेकंदा-दोन सेकंदांनी येतं आणि क्षणाचा झटका दोन रीडिंगच्या मधे हरवतो. मी चारच ठेवल्या: एक्सिलरेटर पेडलची टक्केवारी, मागितलेला टॉर्क (मोटरचा जोर), प्रत्यक्ष टॉर्क आणि ब्रेक स्विचची (ब्रेक दाबला की गाडीला कळवणाऱ्या स्विचची) स्थिती. आपल्या मॉडेलचे पीआयडी (एकेक रीडिंग मागायचे संकेतांक) अ‍ॅपमध्ये वेगळे भरावे लागू शकतात. गाडी दुसऱ्याने चालवायची, फोन आपण बघायचा.

आलेख वाचायची रीत सोपी आहे. पेडलची टक्केवारीच खाली पडली तर दोष पेडलच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या कनेक्टरमध्ये. (पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, त्यांचं आपसात जुळलं नाही की बहुधा पी२१३८ कोड येतो.) मागणी वर, पण प्रत्यक्ष टॉर्क खाली, तर इन्व्हर्टर, तापमान किंवा बॅटरीची मर्यादा. पेडल स्थिर असताना मागणीच शून्याकडे गेली, तर कंट्रोलरला दुसऱ्या कुणीतरी थांबायला सांगितलंय. आमच्याकडे नेमकं हेच दिसलं, आणि त्याच क्षणी ब्रेकची खूण ऑफची ऑन होऊन परत ऑफ झाली. एक्सिलरेटर दाबलेला असताना ब्रेकची खूण आली की गाडी सुरक्षेसाठी टॉर्क सोडते. खूण इतकी छोटी होती की कोड नोंदवला जाण्याआधीच ती संपत असणार. गतिरोधक आणि खोदून बुजवलेल्या पट्ट्यांवर त्रास जास्त का व्हायचा, हेही इथे उलगडलं. पुण्यात अशा पट्ट्यांना तोटा नाही, चाचणीसाठी लांब जावं लागत नाही.

डोंगल नसेल तर क्रूझ कंट्रोल लावून बघा. तो आपोआप सुटत असेल तर संशय याच स्विचवर घ्यावा. किंवा अंधारात मागच्या गाडीतून ब्रेकचे दिवे फोनवर शूट करा. मात्र रिजन (पाय काढला की मोटरनेच गाडी हळू करून बॅटरी भरणं) सगळ्यात खालच्या पातळीवर ठेवा. जोरदार रिजनला बऱ्याच गाड्या ते दिवे स्वतःच लावतात, आणि मग चांगल्या स्विचवरही आळ येतो.

स्विच ब्रेक पेडलच्या वर, ब्रॅकेटला असतो. पेडल सुटं असताना स्विचची दांडी दबलेली राहायला हवी. आमच्याकडे पेडलवरची नायलॉनची टिकली, जिच्यावर ही दांडी टेकते, ती चिरून अर्धी पडली होती. दांडी थोडी बाहेर आली होती आणि पेडल थरथरलं की संपर्क बदलायचा. नुसता स्विच बदलला असता तर दुखणं तसंच राहिलं असतं. टिकली काही रुपयांची, स्विच काहीशे रुपयांचा. पुण्यात नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत पार्ट नंबर दाखवून विचारावं, कारण दिसायला सारखे स्विच आतून दोन किंवा चार पिनांचे असतात.

काम १२ व्होल्टचं आहे, हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलींशी त्याचा संबंध नाही आणि त्यांना हात लावायचाही नाही. गाडी बंद करून छोट्या बॅटरीचं निगेटिव्ह काढलं, कनेक्टर सोडवला, स्विच पाव फेरा फिरवून बाहेर घेतला. आधी टिकली बसवली, मग स्विच. आपोआप ॲडजस्ट होणारे काही स्विच पेडल दाबून बसवायचे असतात, काही सोडून. आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधली रीतच पाळायची. चुकीच्या पद्धतीने बसवला की अंतर कायमचं चुकतं आणि काही प्रकारचे स्विच दुसऱ्यांदा वापरता येत नाहीत.

नंतर तीन गोष्टी बघितल्या. पेडल सोडल्यावर दिवे पूर्ण विझतात का, हलक्या दाबाला लगेच लागतात का, आणि गाडी रेडीमध्ये जाते का, कारण रेडीसाठीही हीच खूण लागते. मग त्याच गतिरोधकांवरून तोच चार ओळींचा लॉग पुन्हा घेतला. ब्रेकची ओळ सरळ राहिली, टॉर्कची मागणी एक्सिलरेटरबरोबर चढली.